शिमगा : मान आणि खांदा

मंडळी, हिरण्यकशिपू, प्रल्हाद आणि होलिकेची कथा तुम्ही-आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. ती सगळ्या देशाची कथा आहे, म्हणून ती पुन्हा सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते आपल्या कोकणातल्या होळीबद्दल, म्हणजे शिमग्याबद्दल. आपल्याकडे होम, म्हणजे होळी पेटवणं, हा या सणाचा एक भाग, पण सणाचा जीव आहे पालखीत.

घाटावर होळी एका रात्रीची. आपल्याकडे फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फागपंचमीला, पहिली होळी पेटते. मग पोरं रोज संध्याकाळी लाकडं, पातेरा (सुका पाला) गोळा करत हिंडतात. काही गावांचा मोठा होम त्रयोदशीला, ते तेरसे शिमगे. काहींचा पौर्णिमेला, ते भद्रेचे. त्यानंतर पालखी कुठे रंगपंचमीपर्यंत फिरते, तर कुठे पार पाडव्यापर्यंत. भात केव्हाच घरात आलेलं असतं, भाजावळीची कामं तेवढी असतात, पेरणीला अवकाश असतो. शेतकऱ्याला देवासाठी सवड मिळते ती याच दिवसांत.

देवळातली रुपं, म्हणजे देवाचे मुखवटे, पालखीत लावले, की वर्षभर गाभाऱ्यात राहिलेला देव बाहेर पडतो. आधी सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, बसतो, मग घरोघर निघतो. माझ्या मते शिमग्याचा अर्थ इथे आहे. एरवी माणूस देवाकडे जातो. शिमग्यात देव माणसाच्या अंगणात येतो, चिऱ्याचा बंगला असो की कुडाची झोपडी. अंगण सारवून रांगोळी घातलेली असते. ढोल वाडीच्या तोंडाशी वाजला, की घरची बाई तांब्या घेऊन पुढे होते आणि पालखी धरणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालते. खण, नारळ, तांदूळ घालून ओटी भरते. मग गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहतो. मुंबईतल्या मुलाची नोकरी, अडलेलं लग्न, दावणीचं आजारी जनावर, सगळं देवाच्या कानावर जातं आणि जमलेली वाडी एका आवाजात म्हणते, “व्हय म्हाराजा!” हा होकार मला फार मोलाचा वाटतो. घरातली जी अडचण चारचौघांत बोलायला जीभ रेटत नाही, ती इथे देवाच्या साक्षीने सगळ्या गावाची होते.

किनाऱ्यावर याची रूपं वेगवेगळी. रत्नागिरीत बारा वाड्यांचा देव भैरी. जाकीमिऱ्या, सडामिऱ्याच्या पालख्या त्याच्या भेटीला येतात. चिपळूण-गुहागरकडे खेळे, म्हणजे नाचगाणी करणारी पथकं, निघतात, त्यांच्यात काळ्या वेषातला संकासूर आणि बाईच्या वेषातली गोमू नाचते. कुडाळ-मालवणकडे रोंबाट, म्हणजे वाजतगाजत निघणारी मिरवणूक. रायगडच्या कोळीवाड्यांत होड्या सजतात.

आता मानाबद्दल बोलतो, कारण त्याच्यावर गावं फुटतात. होळीचं झाड कुठे आंब्याचं, कुठे माड किंवा पोफळ, कुठे सुरमाड. त्याच्यावर पहिला घाव कोणाचा, ढोल कोणाचा, अबदागीर (देवावर धरायचं छत्र) कोणाच्या हातात, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. जरा नीट बघा, यातला प्रत्येक मान अंगमेहनतीचा आहे. झाड तोडायचं, फाका, म्हणजे होळीच्या आरोळ्या, घालत व्हाळातून (ओढ्यातून), बांधांवरून खांद्यावर आणायचं, रात्रभर ढोल वडवायचा. एका घराच्याने हे होण्यासारखं नाही, म्हणून जुन्या लोकांनी ते वाटून दिलं. आज त्याच मानावरून कोर्टकचेऱ्या होतात, बंदोबस्त लागतो, एखाद्या गावात पालखी बाहेरच पडत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या घरांत ओटीचं ताट तयार असतं आणि देव देवळात अडकलेला असतो. त्याच वेळी काही गावांत बायका पालखी खांद्यावर घेऊन नाचवू लागल्यात. काहींना ते रुचत नाही. मला ते पूर्णपणे योग्य वाटतं. वर्षभर घरात देवाचा दिवा लावणाऱ्या हातांना पालखी का जड होईल?

चाकरमान्यांना एक विनंती आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, गाव एका रात्रीवर आलं. २०२१ साली करोनाच्या निर्बंधांत मोजक्या माणसांनी शिमगा केला, तेव्हा कितीजण मुंबईत तळमळले, ते मला ठाऊक आहे. तरीही आता बरेचजण पालखी दारात यायच्या दिवशी सकाळी उतरतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्यांच्या सुटीसाठी पालखीला घाई करावी लागते, गाऱ्हाणी दोन वाक्यांत उरकतात. गावात झाड ओढायला तरणी माणसं कमी पडतात, हे मुंबईच्या मंडळांनी लक्षात घ्यावं. रजा काढताना होळी आणायचा दिवस आधी धरा आणि पालखीचा नंतर. आणि येताना पोरांनाही घेऊन या. फाका त्यांना आपोआप येणार नाहीत, झाडाखाली खांदा दिला की येतील.