तिकिटाचे कुळ

श्रोतेहो, नमस्कार. स्वारगेटहून कात्रजच्या बसमध्ये चढल्यावर आपण कंडक्टरकडून तिकीट घेतो, बालगंधर्व रंगमंदिराच्या खिडकीवर नाटकाचे तिकीट काढतो, पोस्टात जाऊन पाकिटाला तिकीट लावतो आणि निवडणूक आली की अमक्याचे तिकीट का कापले यावर चहा थंड होईपर्यंत वाद घालतो. यांतला पोस्टाचा प्रयोग ऐकून इंग्रज माणूस मात्र बुचकळ्यात पडेल, कारण पाकिटावर डकवतात तो त्याच्या लेखी स्टॅम्प असतो. मग मराठीने शब्द चुकवला का? मला तसे वाटत नाही.

हा शब्द इंग्रजीत 16व्या शतकात फ्रेंचमधून आला आणि येताना आपला पहिला स्वर गाळून आला. ज्या जुन्या फ्रेंच क्रियापदापासून तो निघाला त्याचा अर्थच मुळी चिकटवणे, खोचणे असा होता; म्हणजे तिकीट ही आधी डकवलेली चिठ्ठी होती, प्रवासाचा परवाना ती पुढे झाली. पोस्टाच्या टेबलावरच्या डिंकाच्या बाटलीतली ती ताठरलेली काडी फिरवून, बोटे बरबटून घेत आपण तिकीट डकवतो तेव्हा इंग्रजीने मागे टाकलेला अर्थ नकळत पुन्हा जागा करतो.

त्याच फ्रेंच शब्दाचे पूर्ण रूप 18व्या शतकात इंग्रजीने पुन्हा उचलले, ते एटिकेट. फ्रेंचमध्ये आजही मालावरच्या किमतीच्या चिठ्ठीला हाच शब्द आहे आणि दरबारी रीतिरिवाजालाही हाच. तिकीट आणि एटिकेट अशी ही सख्खी भावंडे. तिकीट काढूनही एटिकेट न पाळणारे सहप्रवासी रोज भेटतात, ती गोष्ट वेगळी. उमेदवारीचा अर्थ अमेरिकेतला आहे. तिथे पक्षाच्या उमेदवारांच्या यादीला तिकीट म्हणत.

याहून मागे गेले तर चिकटवणे या अर्थाच्या त्या जुन्या फ्रेंच क्रियापदाचे मूळ टोचणे, टोकदार असणे या अर्थाच्या प्राचीन धातूशी जाऊन भिडते. इंग्रजीतला स्टिक त्याच घरचा, आणि भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातला तिज् हा धातूही तिथलाच मानतात. तिज्‌पासून तेज आणि तीक्ष्ण, तर तीक्ष्णापासून प्राकृतातून उतरलेले आपले तिखट. तिकीट आणि तिखट यांच्या उच्चारातले साम्य योगायोगाचे असले, तरी मिसळीच्या रश्श्यातले तिखट आणि खिशात चुरगळलेले बसचे तिकीट ही दोन्ही अशी एकाच कुळातली निघतात.