कर्ता : अज्ञात

[पडदा काळा. दूरवर कोंबडा आरवतो. मग एकच गिटार.]

या माणसाची गोष्ट त्याच्या बारशापासूनच सांगावी लागते.

८ एप्रिल १९४०, माद्रिद. स्पेनचं यादवी युद्ध संपून वर्ष झालंय. ते जिंकून हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोच्या सरकारातल्या एका मंत्र्याच्या घरी मुलगा जन्माला येतो. त्याचं नाव ठेवतात होसे अंतोनिओ हुलिओ ओनेसिमो. ही आजोबा-पणजोबांची नावं नव्हेत. होसे अंतोनिओ प्रिमो दे रिवेरा, हुलिओ रुइस दे आल्दा आणि ओनेसिमो रेदोन्दो हे फालांखे या स्पॅनिश फॅसिस्ट पक्षाचे तीन पुढारी, आणि तिघेही १९३६ साली मारले गेले होते. बापाने आपले तीन मेलेले सोबती पाळण्यातल्या पोराच्या अंगावर चढवले.

पोराने पुढे ती तिन्ही उतरवून ठेवली. लोक त्याला ओळखतात ते चिचो म्हणून. चिचो सांचेझ फेर्लोसिओ.

[जुनं फुटेज : शाळेच्या पटांगणात हात उंचावून उभी मुलं.]

बापाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तोही गीतकारच. राफाएल सांचेझ मासास हा फालांखेच्या संस्थापकांपैकी एक, लेखक आणि कवी. 'कारा आल सोल', म्हणजे 'सूर्याकडे तोंड करून', हे फालांखेचं गीत १९३५च्या डिसेंबरात काही जणांनी मिळून रचलं. त्यांत हा राफाएलही होता. फ्रँकोच्या राज्यात शाळाशाळांतून मुलांना ते म्हणावं लागायचं.

जानेवारी १९३९मध्ये, युद्ध संपत आलेलं असताना, माघार घेणाऱ्या प्रजासत्ताकवाद्यांनी, म्हणजे फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्यांनी, कातालोनियातल्या कोल्येल इथे कैद्यांना गोळ्या घालायला उभं केलं. त्यांत हा राफाएल होता. तो रानात पळाला आणि वाचला. त्याला शोधणाऱ्या एका सैनिकाने त्याला पाहिलं, आणि पाहूनही गोळी झाडली नाही. पुढे २००१ साली हावियेर सेर्कास या लेखकाने याच प्रसंगावर कादंबरी लिहिली आणि ती जगभर वाचली गेली. तो सैनिक थांबला नसता, तर चिचो जन्मालाच आला नसता.

अशा बापाच्या घरात उजव्या विचारांचं पीक यावं अशी अपेक्षा असते. झालं उलटंच. थोरला मिगेल गणित आणि तर्कशास्त्रातला माणूस. १९५६च्या विद्यार्थी आंदोलनात त्याला अटक झाली आणि पुढे तो स्वित्झर्लंडला परागंदा झाला. दुसरा, बापाच्याच नावाचा राफाएल, 'एल हारामा' या गाजलेल्या कादंबरीचा लेखक, आयुष्यभर कुणाच्याच कळपात गेला नाही. आणि धाकटा चिचो बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षात शिरला. बापाने गाणं सत्तेसाठी लिहिलं होतं, मुलाने ते सत्तेविरुद्ध लिहायला घेतलं.

[खाणकामगारांची छायाचित्रं. मग माद्रिदमधला पुएर्ता देल सोल चौक.]

१९६२च्या वसंतात आस्तुरियासच्या कोळसा खाणींत संप पेटला. संपावर जाणं हा तेव्हा गुन्हा होता. पुढच्याच वर्षी, २० एप्रिल १९६३ला, कम्युनिस्ट नेता हुलियान ग्रिमाऊ याला माद्रिदमध्ये गोळ्या घालून मारलं. युद्ध संपून चोवीस वर्षं झाली होती, आणि शिक्षा युद्धकाळातल्या आरोपांवरून! जगभरातून दयेची मागणी झाली, फ्रँकोने ऐकली नाही.

चिचो तेव्हा तेवीस वर्षांचा. त्याने ग्रिमाऊवर गाणं केलं आणि संपावरही केलं. संपाचं गाणं म्हणजे जवळजवळ मोजणीच : संपाला दहा, संपाला शंभर, आई, मीही निघालो, संपाला हजार, मी त्यांच्यासाठी आणि ते माझ्यासाठी. एकदा ऐकलं की पाठ. छापील कागद जवळ सापडला तर तुरुंगवास ठरलेला, अशा देशात गाणं पाठ होणं हीच त्याची छपाई.

मग माद्रिदमध्ये काही स्वीडिश तरुण आले. चोरून, एका टेपवर त्यांनी चिचोचा आवाज उतरवून घेतला, टेप देशाबाहेर नेली आणि क्लार्ते या डाव्या संघटनेने स्वीडनमध्ये तिची तबकडी काढली. 'स्पॅनिश प्रतिकाराची गाणी'. तबकडीवर सगळं होतं, फक्त गाणाऱ्याचं नाव नव्हतं. ते छापलं असतं तर पोलीस दुसऱ्या दिवशी दारात.

इथून या गोष्टीला मजेशीर वळण लागतं. नाव नाही म्हटल्यावर लोकांनी आपापला अंदाज बांधला. गिटार साधी आणि आवाज कसलेल्या गायकाचा नव्हे. रचना चार-चार ओळींच्या, कोप्ला या जुन्या स्पॅनिश लोकगीताच्या घाटाची. म्हणजे ही गाणी यादवी युद्धातलीच असणार, खंदकात बसून कुणा सैनिकाने रचलेली! पंचविशी न गाठलेल्या पोराच्या गाण्यांना लोक तीस वर्षं जुनी समजू लागले. लोकगीत म्हणून ती तोंडोतोंडी फिरली आणि समुद्रापलीकडेही गेली.

चिलीच्या किलापायून या गायकमंडळाने १९६८च्या तबकडीत त्यातलंच एक घेतलं. त्यात मागणं असं : कधी एकदा देवाच्या मनात येईल आणि तव्यावरचं ऑम्लेट उलटेल, गरिबाच्या ताटात भाकरी पडेल आणि श्रीमंताच्या ताटात गवत. जुन्या लोककडव्याच्या अंगाने जाणारं हे गाणं. त्यातलं चिचोचं किती आणि लोकांचं किती, ही सीमारेषा मला तरी आखावीशी वाटत नाही.

[पुन्हा कोंबड्याचं आरवणं. सावलीत दोन कोंबडे.]

पण एक गाणं निर्विवाद त्याचं. 'तांबडा कोंबडा, काळा कोंबडा.' काळा आरवला की दिवस मावळतो. तांबडा आरवला असता तर वेगळाच सूर लागला असता. दोघे रिंगणात समोरासमोर येतात. काळा आकाराने मोठा, तांबडा शूर. आणि बजावणी : तांबडा कोंबडा मेल्याशिवाय हार मानत नाही. तांबडा म्हणजे डावे, काळा म्हणजे फॅसिस्ट : प्रतीक अगदी उघड आहे, पोराटोरांनाही कळेल असं. माझं लक्ष मात्र दर वेळी ध्रुवपदाकडे जातं. तिथे गाणारा स्वतःच्याच गाण्याला शपथ घालतो : मी खोटं बोलत असेन तर माझं गाणं वाऱ्याने पुसून टाकावं. आणि लगेच कबूलही करतो, की वाऱ्याने ते खरंच पुसलं तर फार वाईट वाटेल.

ज्या गाण्यांवर आपलं नाव घालता येत नाही, त्यांच्या कर्त्याची ही ओळ.

[१९७०च्या दशकातलं माद्रिद. भिंतीवर पोस्टर.]

पक्षांशी त्याचं फार काळ जमलं नाही. कम्युनिस्ट पक्ष मवाळ वाटला म्हणून तो आणखी कडव्या गटात गेला. त्या गटाचं आदर्श राज्य होतं तेव्हाचा कम्युनिस्ट अल्बानिया. चिचो तिथे जाऊन आला, आणि परतल्यावर त्याला तोही गट नकोसा झाला. पुढे तो अराजकतावादाकडे झुकला.

१९७५च्या नोव्हेंबरात फ्रँको मेला. निषेधाची गाणी गाणारे आता उघड्यावर आले, स्टेडियमं भरू लागली. हातात अशी गाणी असलेला माणूस तेव्हा सहज मोठा तारा झाला असता. चिचोने स्वतःच्या नावाची तबकडी काढली ती १९७८ साली. तिचं नावच 'आ कोंत्रातिएम्पो', म्हणजे ताल सोडून, अवेळी. त्याच्या याच काळातल्या एका गाण्यातला माणूस जाहीर करतो, की आज मी उठणारच नाही. बस्स! संपावर हजारोंना बोलावणारा आता अंथरुणातूनच संप करतोय. मला हे गाणं तांबड्या कोंबड्याइतकंच बंडखोर वाटतं, आणि जास्त खट्याळ. त्याचं 'दुष्टचक्रं' हे प्रश्नोत्तरांचं गाणं होआकिन साबिना या गायकाने १९८०च्या तबकडीत गायलं, आणि चिचोचे शब्द त्याला न ओळखणाऱ्यांपर्यंत पोचले. नेहमीप्रमाणेच.

१९८२ साली फेर्नान्दो त्रुएबा या दिग्दर्शकाने त्याच्यावर माहितीपट काढला. नाव 'अंगात त्राण आहे तोवर'. त्यात चिचो गातो आणि मनसोक्त बोलतो.

[सिनेमागृहाचा अंधार. पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर.]

२००३ साली सेर्कासच्या त्या कादंबरीवर चित्रपट आला, दिग्दर्शक दाविद त्रुएबा, म्हणजे फेर्नान्दोचा भाऊ. गोळीबारातून निसटलेल्या फालांखेवाल्याची ती गोष्ट. त्यात एक खरा माणूस स्वतःच्याच भूमिकेत दिसतो. त्या फालांखेवाल्याचा धाकटा मुलगा, चिचो.

त्याच वर्षी १ जुलैला माद्रिदमध्ये तो गेला. वय त्रेसष्ट.

[८ मार्च २०१८. जांभळे झेंडे. आवाज वाढत जातो.]

पंधरा वर्षांनी स्पेनमधल्या बायकांनी महिला दिनाला संप पुकारला. घोषणांच्या मधून गाणं आलं. शब्द थोडे बदललेले, हाक आता मैत्रिणींना. चाल मात्र तीच : संपाला दहा, संपाला शंभर.

[गाणं चालू राहतं. पडदा काळा.]