रांजणातला गाळ अन् 3000 आरपीएम

बसा लेकरांनो, पुढं जागा आहे, पुढं या. आज सेंट्रीफ्यूजवर, म्हणजे ट्यूबा गरागरा फिरवून सॅम्पलमधला जड भाग तळाला बसवणाऱ्या मशीनवर बोलायचंय. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, ट्यूबा लावायच्या, झाकण लावायचं, 3000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्यांवर, दहा मिनिटं फिरवायचं, झालं. पण मी इतकी वर्षं लॅबमधे बघायलोय, बरेच रिपोर्ट अॅनालायझरमधे, म्हणजे तपासणीच्या मशीनमधे जायच्या आधीच, कोपऱ्यातल्या या मशीनपाशी बिघडलेले असतात.

आपल्याकडं टँकरचं पाणी रांजणात ओतलं की काय होतं? वाळू लगेच तळाला, माती थोड्या वेळानं, पण काळ्या रानातलं पाणी असंल तर दोन दोन दिवस गढूळच राहतं, मग आई त्यात तुरटी फिरवायची. कण जेवढा बारीक तेवढा तो हळू बसतो, आणि व्यास निम्मा झाला तर बसायचा वेग निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो. तुरटी बारीक कणांचे गठ्ठे करते, म्हणून ते लवकर बसतात. सेंट्रीफ्यूज कणाला हात लावत नाही, ते खाली ओढणारा जोर वाढवतं. तुम्ही ईएसआर, म्हणजे लाल पेशी बसायच्या वेगाची तपासणी, लावता तेव्हा एक तास दुसरं काय बघता? लाल पेशी आपल्या वजनानं किती खाली आल्या, तेवढंच. ते एक जी मधे चाललेलं काम आहे, जी म्हणजे पृथ्वीची ओढ. मशीन तेच काम हजार जी मधे करतं.

हा जोर येतो कुठून, तर गोफण आठवा. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला ज्यांनी गोफण फिरवलीय त्यांच्या हाताला ती ओढ माहीत आहे. दगडाला सरळ सुटून जायचंय, दोरी त्याला आत ओढून धरते. ट्यूबमधे ते काम तळ करतो, पण लाल पेशी प्लाझ्म्यापेक्षा जड, आजूबाजूचं पातळ पाणी तिला धरून ठेवायला पुरत नाही, मग ती सरकत सरकत तळाला जाते.

आता मुद्दा, आणि हा वहीत लिहा. जोर आरपीएमवर एकट्यावर नसतो, त्रिज्येवर पण असतो. त्रिज्या सेंटीमीटरमधे घ्यायची, आरपीएमचा वर्ग करायचा, दोन्ही गुणून 0.00001118 नं गुणायचं, जी निघतो. त्रिज्या 10 सेंटीमीटर, आरपीएम 3000, तर साधारण 1000 जी. शेजारच्या लॅबचं मशीन मोठं, त्रिज्या 17, त्याच 3000 वर 1700 जी. दोघंही म्हणतात आम्ही 3000 वर फिरवलं, पण काम सारखं झालंच नाही. आणि वर्ग आहे बरं का, आरपीएम दुप्पट केला की जोर चौपट. लघवीचं सॅम्पल साधारण 400 जी वर पाच मिनिटं फिरवतात, 17 च्या मशीनवर त्याला 1450 आरपीएम पुरे, पण सवयीनं 3000 ठेवलं की नाजूक कास्ट, म्हणजे किडनीच्या बारीक नळ्यांत तयार झालेले साचे, तुटतात, आणि मायक्रोस्कोपखाली काही दिसलं नाही म्हणून रिपोर्ट नॉर्मल जातो, किडनीच्या पेशंटचं लई नुकसान आहे त्यात. त्रिज्या शाफ्टच्या, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याच्या, मध्यापासून ट्यूबच्या तळापर्यंत मोजायची, स्विंग बकेट, म्हणजे फिरताना ट्यूब आडवी होते ती पद्धत, असंल तर बकेट आडवं धरून मोजायची.

आता बॅलन्स, म्हणजे समोरासमोरच्या ट्यूबांचं वजन सारखं ठेवणं. मी नोकरीला नवीन होतो तेव्हाची गोष्ट, घाईत समोर एक ट्यूब कमी भरलेली राहिली, मशीन सुरू केलं आणि ते थरथरत टेबलावर सरकायला लागलं. मी बटन बंद केलं, पण आतल्या दोन ट्यूबा फुटल्या होत्या, आणि एक सॅम्पल होतं लहान लेकराचं, ज्याला परत सुई टोचावी लागली. ते लेकरू अजून डोळ्यासमोर आहे माझ्या. नंतर हिशोब केला तर कळलं, 1700 जी ला एका ग्रॅमचा फरक म्हणजे पावणेदोन किलोचा झटका, तो पण सेकंदाला 50 वेळा दिशा बदलणारा. म्हणून नुसती पातळी बघू नका, वजन बघा. समोर पाण्याची ट्यूब लावता ना, पाच मिली रक्ताचं वजन साधारण 5.3 ग्रॅम, पाच मिली पाण्याचं 5, पातळी एकदम सारखी पण फरक 0.3 ग्रॅमचा, म्हणजे तिथं अर्ध्या किलोचा झटका. छोटा तराजू ठेवा मशीनजवळ.

वेळेचं बोलू. सिरमसाठी, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणाऱ्या पाण्यासाठी, लाल टोपीची ट्यूब आधी अर्धा तास उभी ठेवायची, क्लॉट, म्हणजे रक्ताची गुठळी, नीट होऊ द्यायचा, घाई केली तर सिरममधे गुठळी बांधणाऱ्या फायब्रिनचे धागे येतात आणि अॅनालायझरची सुई चोक होते. पण लई उशीर पण नको. निलंग्याहून, अहमदपूरहून सॅम्पल लातूरला यायला दोन तास लागतात, तोवर पेशी ग्लुकोज खात असतात, साध्या तापमानाला तासाला 5 ते 7 टक्के, आणि आपला मे महिना तर त्याहून गरम. मग कुणी म्हणतं सरळ फ्रिजमधे ठेवू. सिरम वेगळं न करता ठेवू नका, थंडीत पोटॅशियम आत ओढणारा पेशीचा पंप मंदावतो, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, आणि डॉक्टर बिचारे खोट्या आकड्यावर उपचार करतात. तालुक्यालाच फिरवून, सिरम काढून पाठवा.

शेवटी लाईटचं, कारण आपल्याकडं ती जातेच. मधेच गेली तर झाकणाला हात लावू नका, रोटर, म्हणजे ट्यूबा धरून फिरणारा आतला भाग, आपोआप थांबू द्या, बोटानं किंवा कपड्यानं अडवला तर बसलेला थर परत हलतो आणि बोट जायचं ते वेगळंच. साधी ट्यूब असंल तर परत फिरवता येते. जेलची ट्यूब, म्हणजे जिच्यात पेशी आणि सिरमच्या मधे जेलचा थर बसतो ती, मात्र एकदा थर बसल्यावर परत फिरवू नका, जेलखाली पेशींजवळ अडकलेलं पोटॅशियमवालं सिरम वर येतं, तिथं पेशंटला बोलावून नवीन सॅम्पल घ्यायचं.