पावसाळ्याआधी मिथेनॉलची टाकी रिकामी करताना

[दृश्य : गॅरेजमध्ये बॉनेट उघडलेली टर्बो हॅचबॅक. बाहेर मे महिन्याचं कडक ऊन. कॅमेरा इंटरकूलरच्या पाइपवरून सरकत एका छोट्या पितळी नोझलवर थांबतो.]

निवेदन :

मुंबईत आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान आहे ७.४ अंश सेल्सिअस. सांताक्रूझ वेधशाळा, २२ जानेवारी १९६२. पाणी आणि मिथेनॉल यांचं निम्मंनिम्मं मिश्रण गोठायला उणे ३५ अंशांच्याही खाली जावं लागतं. त्यामुळे थंड देशांतले गाडीवाले हिवाळ्याआधी ज्या धास्तीने टर्बो इंजिनात हे मिश्रण फवारणारी यंत्रणा रिकामी करतात, म्हणजे पंपात बर्फ होईल आणि पंपाचं डोकं तडकेल, ती धास्ती आपल्याला नाही.

आपल्याकडे गाडी उभी राहते ती पावसात. मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून, परतण्याची ८ ऑक्टोबर. जमिनीला टेकलेली, मॉडिफाय केलेली गाडी हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात घालायची कुणाचीच इच्छा नसते. तेव्हा ती चार महिने कव्हरखाली जाते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढणं, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवणं हे सगळ्यांना पाठ असतं. विसरली जाते ती डिकीतली मिथेनॉलची टाकी.

[दृश्य : डिकी. पांढरी प्लास्टिकची टाकी, शेजारी मुठीएवढा पंप, त्यातून निघालेली सहा मिलिमीटरची काळी नायलॉनची नळी.]

यंत्रणा तशी साधी आहे. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते. इंटरकूलर तिला गार करतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यानंतर थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेच्या, अलीकडे हे नोझल धुक्यासारखा फवारा सोडतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २२५० किलोज्यूल उष्णता लागते, मिथेनॉलला ११००. पेट्रोलला मिथेनॉलच्या साधारण एक तृतीयांशच लागते. ही उष्णता हवेतून खेचली जाते, नॉकिंग (मिश्रण सिलिंडरात अवेळी पेटणं) थांबतं आणि ट्यूनरला, म्हणजे इंजिनाची सेटिंग बदलून देणाऱ्याला, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवायला जागा मिळते.

कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत एमडब्ल्यू ५० नावाचं मिश्रण वापरत : ५० टक्के मिथेनॉल, ४९.५ टक्के पाणी आणि उरलेला अर्धा टक्का गंजरोधक तेल. १९६२च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरमध्येही टर्बोसोबत पाणी-मिथेनॉलची टाकी होती. ती भरायचं काम मालकांच्या अंगवळणी पडलंच नाही. २०१५ साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम४ जीटीएसमध्ये नुसतं पाणी फवारतात. इंजिन बंद केलं की नळ्यांतलं पाणी आपोआप टाकीत परत जातं. कारखान्यातून आलेली गाडी स्वतःला रिकामी करते. बाजारातून किट आणून बसवलं असेल, तर ते काम माणसाने करायचं.

[दृश्य : मेकॅनिक टाकी आणि नोझल यांच्या उंचीमधला फरक बोटाने दाखवतो.]

न करता सोडून दिलं तर काय होतं?

टाकी डिकीत असते आणि बऱ्याच गाड्यांत ती नोझलपेक्षा उंचावर येते. मधे सोलेनॉइड (करंट दिला की उघडणारा) किंवा चेक (एकाच दिशेने जाऊ देणारा) वॉल्व्ह असतो. त्याच्या सीटवर कचऱ्याचा एक कण अडकला, की थेंब थेंब गळती सुरू होते. गाडी रोज चालत असेल तर कळतही नाही, इंजिन ते ओढून घेतं. चार महिने उभ्या गाडीत मात्र तो द्रव इंटरकूलरच्या पाइपच्या सगळ्यात खालच्या भागात साचतो. ऑक्टोबरमध्ये चावी फिरवली की तो एकदम सिलिंडरकडे धावतो. तीन सिलिंडरचं एक लिटरचं इंजिन घ्या, कॉम्प्रेशन रेशो (आतली हवा किती पट दाबली जाते) १०.५. पिस्टन पूर्ण वर आल्यावर वर उरणारी जागा असते जेमतेम ३५ मिलीलिटर. म्हणजे कटिंग चहाचा अर्धा ग्लास. त्याहून जास्त द्रव आत असेल तर पिस्टन वर पोहोचूच शकत नाही. स्टार्टर अडकला तर नशीब. बाकीच्या सिलिंडरांनी इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुसरं, मिश्रण आहे तसं राहत नाही. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. त्यातून मिथेनॉल आधी उडतं, पाणी मागे राहतं. मेमध्ये निम्मंनिम्मं भरलेलं ऑक्टोबरमध्ये तसं उरलेलं नसतं आणि ट्यून मात्र जुन्या प्रमाणावर केलेला असतो. मिश्रण फारच पातळ झालं तर टाकीत शेवाळी थर धरतो.

तिसरं, ॲल्युमिनियम. फिटिंग ॲल्युमिनियमची असेल तर मिथेनॉल तिला हळूहळू खातं. त्यातून पांढरट, जेलीसारखा गाळ तयार होतो.

[दृश्य : अगदी जवळून. चिमट्यात धरलेली नोझलची जाळी, नखाएवढी. अर्ध्या भोकांवर पांढरा लेप.]

हाच तो गाळ. नोझलच्या आतलं छिद्र मिलिमीटरच्या अंशाएवढं असतं. इतका लेप पुरेसा आहे.

आता काम. सुरुवात खरं तर मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच होते : नवीन मिश्रण भरायचंच नाही. टाकी जेवढी गाडी चालवून संपेल तेवढी उत्तम, कारण काढलेल्या मिथेनॉलचं काय करायचं हा मुंबईत सगळ्यात अवघड प्रश्न आहे. त्याकडे येऊच.

गाडी मोकळ्या हवेत काढा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये हे काम करू नका. शुद्ध मिथेनॉलची वाफ ११ अंशांनाच पेट घेण्याइतकी होते आणि निम्मंनिम्मं मिश्रणही मुंबईच्या उन्हात पेटू शकतं. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही, समोरच्याला आग लागलेली कळत नाही. डोळ्यांना गॉगल हवा. हातमोजे ब्यूटिल रबरचे असले तर उत्तम. दवाखान्यातले पातळ नायट्राइल मोजे असतील तर भिजले की लगेच बदला, कारण मिथेनॉल त्यांतून थोड्या वेळात आरपार जातं.

नळीत दाब राहिलेला असतो. हे पंप दहा ते सतरा बारपर्यंत दाब देतात. फिटिंगवर फडकं धरून मगच कॉलर दाबायची.

[आवाज : उस्ताद पोराला सांगतोय, "अरे, तोंड बाजूला घे आधी. मग सोड."]

नोझल पाइपमधून काढा आणि नळीसकट मोजमापाच्या बाटलीत सोडा. इंजिन बंद असताना नोझल जागेवर ठेवून फवारा मारायचा नाही, नाहीतर वर सांगितलेला साठा आपणच तयार करतो. कंट्रोलरवर टेस्टचं बटण असतं, त्याने उरलेलं मिश्रण कॅनमध्ये काढा. नंतर टाकीत दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर घाला, बॅटरीसाठी पेट्रोल पंपावर मिळतं तेच, आणि तेही याच वाटेने बाहेर काढा. मग पुन्हा दोन लिटर. नळाचं पाणी नको. आपलं तलावाचं पाणी तसं मऊ असलं तरी त्यात क्लोरीन आणि त्यापासून होणारं क्लोराइड असतं, आणि ॲल्युमिनियमला नेमकं क्लोराइडच झोंबतं. पंप तीस-तीस सेकंदच चालवा, मधे त्याला गार होऊ द्या. हा पंप सलग चालण्यासाठी बनवलेला नसतो.

दुसऱ्या धुण्याच्या वेळी एक मोजमाप घेऊन ठेवा, ऑक्टोबरमध्ये त्याचा फार उपयोग होतो. तीस सेकंदांत बाटलीत किती मिलीलिटर जमलं? समजा १८० मिली. मास्किंग टेपवर १८० लिहून ती टेप टाकीला चिकटवा, खाली तारीख टाका.

आता वाळवणं. पंपाच्या बाहेरच्या तोंडाची नळी सोडा. तिथून नोझलकडे एक ते दीड बार हवा मारा, सोलेनॉइडला करंट देऊन तो उघडा ठेवा. पंपातून हवा मारू नका, आतले छोटे झडप-पडदे उलटतात. पंप पाच सेकंद कोरडा चालवला की आतलं उरलंसुरलं पाणी निघून जातं.

[दृश्य : टेबलावर उघडलेला पंप. काळा रबरी पडदा, कडेला फुगून सुरकुतलेला.]

इथे गॅरेजमध्ये एक चूक सर्रास होते. "पंप गंजू नये" म्हणून त्यात इंजिन ऑइल किंवा गंज काढायचा स्प्रे मारतात. बऱ्याच पंपांत पडदा आणि झडपा ईपीडीएम जातीच्या रबराच्या असतात. मिथेनॉल हे रबर चांगलं सोसतं, खनिज तेल अजिबात नाही. तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि पंप दाब धरत नाही. विमानांच्या मिश्रणातलं ते अर्धा टक्का तेल त्या काळच्या धातूच्या यंत्रणेसाठी होतं. पंप ओलसरच ठेवायचा हट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं प्रॉपिलिन ग्लायकॉल मिसळून ते पंपात सोडा. चार महिन्यांसाठी त्याची गरज नाही असं आमचं मत आहे. आणि सोडलंच, तर ऑक्टोबरमध्ये दोनदा धुऊन काढायला लागेल, कारण ते नोझलला चिकट करतं.

नोझलची जाळी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा, मग उलट्या दिशेने हवा मारा. टाचणी घालू नका. छिद्र जरा जरी मोठं झालं की फवाऱ्याऐवजी धार येते. पाइपवरच्या भोकात १/८ इंची प्लग बसवा. ते उघडं राहिलं तर कचरा, किडे आणि नंतर बूस्टची गळती. पंप-सोलेनॉइडच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिले दोन आटे मोकळे सोडा. टेपचा सुटलेला धागा थेट नोझलवर जाऊन बसतो.

सुटलेल्या नळ्यांची तोंडं बंद करा. पावसात गटारं भरली की उंदीर वर येतात आणि गरम, कोरडं बॉनेट त्यांना आवडतं. वरळी, वांद्रे, कुलाब्याच्या खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडतात, त्यांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा आणि पंपाचा फ्यूज काढून ठेवा.

फ्यूज काढला की गाडीला मिथेनॉल मिळणार नाही हे ईसीयूलाही, म्हणजे इंजिनाच्या संगणकालाही, कळायला हवं. ट्यूनर दोन मॅप (ईसीयूतल्या सेटिंगचे संच) देत असेल तर साध्या, कमी बूस्टच्या मॅपवर गाडी आणा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा. चार महिन्यांत कधीतरी भाऊ किंवा ड्रायव्हर गाडी "जरा फिरवून आणतो" म्हणतोच. मिथेनॉलवर उभारलेल्या मॅपवर, मिथेनॉलशिवाय, ईस्टर्न फ्रीवेवर एकदा जोरात पाय दाबला की पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटायला वेळ लागत नाही.

[दृश्य : निळा कॅन. त्यावर मार्करने जाड अक्षरांत लिहिलं जातंय : विष. मिथेनॉल. पिऊ नये.]

आता तो काढलेला द्रव. मिथेनॉल दिसतं पाण्यासारखं, वास दारूसारखा. शरीरात गेलं की त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, ते डोळ्यांची नस मारतं आणि जीवही घेतं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. म्हणून हे कधीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरायचं नाही, पार्किंगच्या कोपऱ्यात, वॉचमनच्या खुर्चीमागे तर मुळीच नाही. मूळ एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) कॅनमध्येच, घट्ट झाकण लावून, कुलपात. गटारात ओतू नका. मिथेनॉल विषाच्या कायद्याखाली येतं आणि ते विकायला परवाना लागतो. उरलेलं ज्याने दिलं त्या परवानाधारक विक्रेत्यालाच विचारून परत द्या. कुणाच्या पोटात चुकून गेलं तर बरं वाटतंय का याची वाट न पाहता थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या आणि "मिथेनॉल" हा शब्द डॉक्टरांना सांगा. सुरुवातीचे काही तास माणूस ठीकच दिसतो.

[दृश्य : ऑक्टोबर. कव्हर निघतंय.]

परत चालू करताना घाई नको. आधी इंटरकूलरनंतरचा पाइप सोडून आत फडकं फिरवा. ओल दिसली तर स्पार्क प्लग काढा, इंधनाचा रिले काढा आणि मगच इंजिन फिरवा.

नायलॉनच्या नळ्यांची टोकं पाच-सहा मिलिमीटर कापा, ब्लेडने, काटकोनात. पुश फिटिंगच्या दातांची खूण असलेलं टोक परत घातलं की तिथूनच पाझरतं. नळी पिवळी, कडक झाली असेल तर पूर्ण बदला. नागदेवी स्ट्रीटला न्यूमॅटिकच्या दुकानांत ही नळी मीटरवर मिळते. फक्त किती दाबाची आहे ते विचारून घ्या. वर्कशॉपच्या हवेसाठीची दहा बारची नळी इथे चालत नाही.

नवीन मिश्रण ताजं बनवा. अर्धा लिटर पाणी आणि अर्धा लिटर मिथेनॉल मिसळलं तर पूर्ण लिटर भरत नाही, साधारण ९६५ मिली होतं, आणि कॅन हाताला किंचित कोमट लागतो. त्यात चूक नाही. रेणू एकमेकांत बसतात. हायड्रोमीटरवर घनता ०.९२ ते ०.९३ च्या दरम्यान आली की प्रमाण बरोबर. वजनाने निम्मंनिम्मं केलं तर ते वेगळं मिश्रण होतं, जास्त मिथेनॉलचं. ट्यूनरने कोणतं धरलंय ते विचारा.

मग पुन्हा बाटली, पुन्हा तीस सेकंद. टेपवर १८० लिहिलंय आणि आता १६० आलं, तर जाळी परत धुवा. जाळी स्वच्छ असूनही कमीच येत असेल तर पंपाचा पडदा थकलाय. प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून पाहा. टिश्यू भिजला तर तो जोड परत बसवा. लेव्हलचा फ्लोट बोटाने वर-खाली करा, डॅशबोर्डवरचा दिवा लागतोय ना ते पाहा. चार महिन्यांत हा फ्लोट अडकतो, आणि अडकला तर टाकी रिकामी असताना भरलेली दाखवतो.

फ्यूज लावा. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर कमी बूस्टच्या मॅपवरच, मग डिकी उघडून टाकीखाली हात फिरवा. कोरडं असेल तर मॅप बदला.