आषाढात झारी

अध्यक्षांनी मला चाळीस मिनिटं दिली आहेत आणि झाकलेल्या गादीवाफ्यांवरच्या बारमाही भाजीचं वेळापत्रक सांगायला सांगितलं आहे. ते सांगणारच आहे. पण त्याआधी माझं एक जुनं भांडण आहे, ते इथेच मिटवून टाकते. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ते घरी येऊन ऐकलेलं आहे. त्यांनी सुपारी कातरायला हरकत नाही.

परसात प्लास्टिकखाली भाजी लावायची म्हटलं की मोबाइलवर दिसतं ते सगळं थंड मुलखातलं. बाहेर बर्फ, एक गृहस्थ कोट घालून प्लास्टिकच्या कमानदार बोगद्यात शिरतात आणि आतून हिरवागार पालक कापून आणतात. बघायला झकास. आपली मंडळी ते बघतात आणि मे महिन्यात, गुहागर-दापोलीच्या मे महिन्यात, तस्साच बंद बोगदा उभा करतात. पालक आतल्या आत शिजतो. लसणीची फोडणी तेवढी आपण द्यायची. (हशा)

त्या लोकांची अडचण खरी आहे, ती काही आजची नाही. रोमचा बादशहा टायबेरियस याला रोज काकडी लागायची. प्लिनीने लिहून ठेवलंय की त्याच्या माळ्यांनी चाकांवरचे वाफे केले होते. ऊन असलं की बाहेर ढकलायचे, थंडी पडली की पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली न्यायचे. आपल्याकडे श्रावणात तवशी, म्हणजे काकड्या, इतकी लागतात की शेजाऱ्याच्या पायरीवर ठेवून पळून यावं लागतं. रोज काकडीचं गोड धोंडस कोण करणार? पण मुद्दा असा की झाकणाची ही सगळी विद्या थंडीशी लढण्यासाठी जन्माला आली. अमेरिकेतल्या मेन राज्यात एलियट कोलमन नावाचे शेतकरी हिवाळाभर भाजी काढतात. त्यांचा हिशेब सांगतो की दिवस दहा तासांहून लहान झाला की झाकणाखालीसुद्धा वाढ जवळजवळ थांबते. रत्नागिरीत वर्षातला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा. म्हणजे पौषात आपलं काहीच अडत नाही. आपला अंधार आषाढातला. ढग, धुकं आणि वरून मोसमभरात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस. तेव्हा आपल्या वाफ्याला पांघरूण नको, छत्री हवी. माझं भांडण एवढंच.

आता झारीची गोष्ट. मी परसात पहिल्यांदा वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर घातलं त्या वर्षीचा आषाढ. पाऊस असा की समोरचा माड दिसत नव्हता. मी डोक्यावर खोळ, हातात झारी, आणि वाफ्याला पाणी घालतेय. शेजारचे काका पडवीत चहा पीत होते. ते बघतायत. बराच वेळ बघतायत. मग आत गेले आणि काकूंना घेऊन आले. दोघं बघतायत. मग काकूंनी सासूबाईंना हाक मारली, ‘‘अहो, सूनबाईंना बरं नाही का?’’ सासूबाई त्या काळात माझ्या बाजूला नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘‘बी.एस्सी. झालीय ती.’’ (हशा) संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की मास्तरीणबाई पावसाला पाणी पाजतात.

हसा, पण वरचं पाणी अडवलं तर कोथिंबिरीने प्यायचं काय? उंच वाफ्याची माती भुसभुशीत असते, चार दिवसांत वरून सुकते. बोट दोन पेरं आत घालून बघायचं. कोरडं लागलं तर झारी घ्यायची, मग बाहेर ढगफुटी का होईना. त्या श्रावणात बाजारातली कोथिंबीर सडकी होती नि भाव मात्र लग्नसराईचा. काकूच मागायला आल्या. मी दिली, पण झारी हातात घेऊनच गेले.

माकडांबद्दलही बोलायचं होतं. वानर निदान पाला खाऊन जातो. लालतोंडी माकडं मुळा उपटतात, चावतात, आवडला नाही म्हणून टाकतात आणि पुढचा उपटतात, जणू प्रत्येकाची चव वेगळी असणार आहे. त्यांच्यापायी किती घरांनी परसू सोडून दिला हे तुम्हाला... हो, आली चिठ्ठी. दहा मिनिटं. बरं.

तर भराभर. वाफा जांभ्याच्या चिऱ्यांचा, एका चिऱ्याच्या उंचीचा. रुंदी साडेतीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि आत पाय पडत नाही. कातळावर मातीच नसते आणि सखल जागी पाणी तुंबून मुळं गुदमरतात, या दोन्हींवर उंची हाच उपाय. आपली तांबडी माती आंबट, शिवाय पावसात तिचा कस वाहून जातो. शेणखत, कुजलेला पाला आणि थोडी चुलीची राख घाला.

त्यावर सांगाडा एकच, कमरेइतका, बांबूचा किंवा पाइपच्या कमानींचा. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ ज्यांनी बघितलंय त्यांना कमरेइतकाच का, हे सांगायला नको. वादळाची सूचना आली की प्लास्टिक गुंडाळून पडवीत ठेवता आलं पाहिजे. सांगाडा तोच, वरचं झाकण ऋतूप्रमाणे बदलायचं.

जून ते सप्टेंबर पारदर्शक, उन्हात न तडकणारं, २०० मायक्रॉनचं प्लास्टिक. फक्त वर, बाजू उघड्या. थेंब मातीवर आपटला की चिखल पानाच्या पाठीला उडतो आणि रोग तिथून चढतो, तो आपटणं थांबतं. खाली कोथिंबीर (धणे रगडून दोन फाकी करून पेरा), मुळा, माठ, मिरची-वांग्याची रोपं. उन्हाळ्यातली सावलीची हिरवी जाळी पावसात तशीच ठेवू नका, आधीच उजेड नाही. पडवळ, दोडकी, कारली बाहेर मांडवावर, त्यांना छप्पर नको. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण तारा’ कारलं त्यासाठी चांगलं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी प्लास्टिक काढा. मेथी, नवलकोल, टोमॅटो, वाल, सगळं उघड्यावर येतं. झाकण फक्त माकडांसाठी, आणि त्याला मासेमारीची जुनी नायलॉन जाळी उत्तम. टोमॅटो-मिरचीच्या कोवळ्या रोपांवर मात्र चाळीस मेशची, म्हणजे इंचाला चाळीस भोकांची, कीटकजाळी, नाहीतर पांढरी माशी पानं आक्रसवणारा बोकड्या रोग आणते.

मार्च ते मे पन्नास टक्के सावलीची जाळी, मातीवर भाताचा पेंढा. विहीर तळाला गेलेली असते, म्हणून एकच वाफा जगवा आणि त्यात पालक, माठ, अळू. भेंडी-गवार उन्हातच ठेवा. ऑक्टोबरचा उकाडाही याच जाळीवर निभतो.

कीटकजाळीत कोणी काकडी लावली तर मधमाशी आत येत नाही. नरफूल खुडून मादीफुलावर आपणच टेकवायचं, सकाळी. मादीफुलाच्या खाली बोटभर काकडी आधीच दिसते. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा दोडकं लावणाऱ्याने संध्याकाळची मालिका सोडायची.

दुसरी चिठ्ठी आली, चहा तयार आहे. जुनी जाळी कोणत्या बंदरावर स्वस्त मिळते ते चहाच्या टेबलापाशी विचारा. माइकवर सांगितलं तर उद्यापासून भाव वाढेल.