समोर कोणी नसताना

रिकामा रंगमंच. मधोमध एक मुलगी.

"साहेब, कोल्हापूर गाडी लागली का? ... काय? गेली? अहो, घड्याळ बघा की, अजून पाच मिनिटं आहेत!"

एसटी स्टँड नाही, चौकशीची खिडकी नाही, साहेबही नाहीत. तरी सगळं दिसतं. ही नाट्यछटा.

मराठीत हा प्रकार रुजवला दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे यांनी. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगच्या नाट्यात्म कवितांवरून त्यांना तो सुचला आणि १९११पासून त्यांनी ५१ नाट्यछटा लिहिल्या. बोलणारं पात्र एकच, पण हे स्वगत नव्हे. ते कोणाशी तरी बोलत असतं, आणि त्या माणसाचं उत्तर प्रेक्षकांना ऐकू येत नाही.

सगळी कसोटी त्या न ऐकू येणाऱ्या उत्तरात आहे. तालमीत संहितेच्या समासात साहेबांचं वाक्य पेन्सिलीने लिहावं: "ती केव्हाच गेली, बाई." प्रयोगात ते मनातल्या मनात पूर्ण ऐकायचं. तेवढाच थांबा. आकडे मोजून थांबलं, तर चेहऱ्यावर मोजणं दिसतं. धक्का बसतो तो "केव्हाच" या शब्दाला, डोळे तिथेच बदलायला हवेत, "काय?" म्हणताना नव्हे. पाठांतर पक्कं झालं की नेमकं हेच बिघडतं. उत्तर यायच्या आधीच चेहऱ्याला ते ठाऊक असतं.

खिडकी कुठे आहे? प्रेक्षकांच्या डोक्यांवरून, किंचित उजवीकडे. विंगेकडे मानली, तर अर्धा चेहरा आणि बराचसा आवाज विंगेतच जातो. या बाईच्या डाव्या हातात लहान मुलाचा हात आहे. म्हणून तिची मूठ कमरेखाली, अर्धवट मिटलेली. त्याच्याशी बोलताना नजर खाली, हनुवटी मात्र समोरच. नाहीतर शब्द जमिनीत जातात. मध्येच त्याच हाताने केस सावरले, की मूल नाहीसं झालं.

आवाजाची अडचण खास मराठी आहे. आपलं "नाही" वाक्याच्या शेवटी येतं, आणि श्वासही तिथेच संपतो. "मी दुसऱ्या गाडीने जाणार नाही" यातलं "नाही" गिळलं, तर मागच्या रांगेला नेमकं उलटं ऐकू येतं. वाक्य सुरू करतानाच शेवटच्या शब्दापुरता श्वास राखून ठेवावा.

शेवटचं वाक्य संपलं, की हात सवयीने नमस्काराला उठतात. डाव्या मुठीत अजून मुलाचा हात आहे. दोन श्वास तसंच उभं राहायचं, मग मूठ सोडायची.