आधी पाकिस्तान, मग जयहिंद

(दृश्य: जेवणाचं टेबल. अल्बमचं पान उलटतं. चिमट्यात धरलेलं एक टपाल तिकीट.)

जरा जवळून बघा. राजा जॉर्ज सहावा, डोक्यावर मुकुट. आणि त्याच तिकिटावर काळ्या शाईत, इंग्रजी अक्षरांत, एकच शब्द: पाकिस्तान.

हे तिकीट कराचीला छापलेलं नाही, लाहोरलाही नाही. ते नाशिकरोडला छापलंय. ज्या घरात आपण बसलोय तिथून एवढ्या जवळ, की रिक्षावाला तेवढ्यासाठी गाडी सुरूसुद्धा करणार नाही.

(दृश्य: इंडिया सिक्युरिटी प्रेसची भिंत, तारेचं कुंपण, बंद फाटक.)

तिकिटं छापणारा हा सरकारी छापखाना. आत कॅमेरा नेता येत नाही. त्यामुळे तुम्हाला भिंत दिसेल, फाटक दिसेल आणि पाळी सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या दुचाक्या दिसतील. बाकी सगळं या अल्बममधून. अल्बम ज्यांचा, त्या काकांनी उभी नोकरी याच भिंतीच्या आत केली. नाव सांगायचं नाही, एवढीच त्यांची अट. प्रेसवाल्यांना ती सवयच असते.

(दृश्य: दोन तिकिटं, पालथी. शेजारी काळी बशी.)

ही दोन्ही तिकिटं पंचम जॉर्जची. दिसायला सारखी, एक लंडनचं आणि एक नाशिकचं. ओळखायचं कसं? काका तिकीट काळ्या बशीत पालथं ठेवतात आणि वर बेंझिनचे दोन थेंब सोडतात. कागदातला वॉटरमार्क वर येतो. एकच चांदणी दिसली तर लंडन. चांदण्यांची रांग दिसली तर नाशिक.

1925 पर्यंत हिंदुस्थानची तिकिटं लंडनची डे ला रू कंपनी छापायची. पेटाऱ्यांतून, बोटीनं यायची. मग सरकारनं ठरवलं, इथंच छापू. नाशिकरोड मुंबईहून रेल्वेच्या एका रात्रीच्याही आत, आणि मुंबईचा दमटपणा इथं नाही. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. तिकिटाच्या कडेची छिद्रं मग रेघेवर बसत नाहीत. हे सांगताना काका अजूनही हातानं कागद चाचपल्यासारखं करतात.

1928 मध्ये शेजारी नोट प्रेस आली. त्याआधी नोटाही विलायतेहूनच यायच्या. चार वर्षांत, म्हणजे 1932 पर्यंत, हिंदुस्थानची सगळी नोट नाशिकची झाली. राजा त्यांचा, पण शाई आणि घाम आपला. 1929 चं हवाई टपालाचं तिकीट, 1931 चं नव्या दिल्लीचं, 1937 ला ब्रह्मदेश वेगळा झाला तेव्हा 'बर्मा' असा छाप मारलेली तिकिटं, सगळी इथली. दुसऱ्या देशाचं नाव छापायची सवय नाशिकला तेव्हापासून होती म्हणा ना.

(दृश्य: एक पिवळं पडलेलं पाकीट. भिंग हळूहळू सरकतं.)

आता हे पाकीट. 15 ऑगस्ट 1947. तिकीट अजून राजाचंच. पण टपालाचा शिक्का वाचा: जयहिंद.

राजाच्या तोंडावर जयहिंद.

(इथे निवेदन थांबतं. पाकीट पडद्यावर राहू द्यावं.)

नव्या देशाकडं स्वतःचं तिकीट नव्हतं. खरं तर दोन्ही देशांकडं नव्हतं. पाकिस्तानकडं तर ते छापायला प्रेसही नव्हती. प्रेस एकच, ती नाशिकरोडला, आणि ती भारताच्या वाट्याला आलेली. मग पाकिस्तानसाठी काय करायचं? राजाची छापून तयार असलेली तिकिटं पुन्हा मशिनवर चढवली आणि वर नाव छापलं. तीन पैपासून पंचवीस रुपयांपर्यंत. 1 ऑक्टोबर 1947 ला ती पाकिस्तानात विक्रीला आली. तिकडे टपाल कचेऱ्यांनी रबरी शिक्के मारून भागवलेली तिकिटंही सापडतात; वाकडी, धुरकट. संग्राहक दोन्ही वेगळी ठेवतात. सरळ, स्वच्छ छपाईच्या तिकिटांना आजही जगभर नाव आहे: 'नाशिक ओव्हरप्रिंट'.

आणि आपलं पहिलं तिकीट? तिरंगा, कोपऱ्यात जयहिंद, किंमत साडेतीन आणे, परदेशी टपालासाठी. तारीख 21 नोव्हेंबर 1947. देशातल्या पत्रांसाठी अशोकस्तंभाचं दीड आण्याचं तिकीट आलं ते 15 डिसेंबरला. तारखा पुन्हा लावून बघा. याच गावातून आधी पाकिस्तानचं नाव छापून गेलं, मग जयहिंद.

फाळणीत माणसांचं काय झालं, ते या अल्बमात नाही.

(दृश्य: दोन रुपयांची नोट, प्लास्टिकच्या पाकिटात.)

नोटांचंही तेच. 30 जून 1948 पर्यंत पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक आपली रिझर्व्ह बँकच होती. राजाच्या चित्राची नोट, वर इंग्रजीत गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान, खाली उर्दूत हुकूमत-ए-पाकिस्तान. छपाई नाशिकरोड. आपल्या नोटेवर राजाऐवजी गांधीजी घ्यायचे असं आधी ठरत होतं, नमुनेही तयार झाले होते. शेवटी सारनाथचे सिंह आले, 1949 च्या एक रुपयावर.

(दृश्य: सहा तिकिटं एका ओळीत.)

1952. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर. फोटोसारखी सावली उठवणाऱ्या फोटोग्राव्हर पद्धतीनं नाशिकला छापलेला हा पहिला संच. गालांवरची सावली बघा, कुठं रेघ नाही. काका या पानावर बराच वेळ रेंगाळतात, आम्हीही रेंगाळलो.

पुढं 1957 ला नवे पैसे आले, 2006 ला प्रेसचं महामंडळ झालं, त्याच्या थोडं आधी मुद्रांक घोटाळ्यानं प्रेसचं नाव वर्तमानपत्रांत गाजलं, 2016 च्या नोटाबंदीत सुट्ट्या सोडून पाळ्या चालल्या.

(दृश्य: पुन्हा अल्बम. 1948 चं पान. तीन तिकिटं, चौथी जागा मोकळी.)

या पानावर काका थोडे रागावतात. 15 ऑगस्ट 1948, गांधीजींची तिकिटं, शेजारी हिंदीत आणि उर्दूत 'बापू'. छपाई? स्वित्झर्लंड. तशी छपाई करणारी यंत्रं तेव्हा नाशिकला नव्हती, हे काकांनाही ठाऊक आहे. "तरी पण," ते म्हणतात, "खादीवाल्या माणसाला परदेशी कागदावर?"

दीड आणे आहे, साडेतीन आहे, बारा आणे आहे. दहा रुपयांचं तिकीट त्यांना कधी परवडलं नाही. ती जागा त्यांनी पेन्सिलीनं चौकट आखून ठेवली आहे.